किमान कौशल्य

मी बी.कॉम. आहे असं सांगितलं की समोरचा माणूस पुढे काही विचारत नाही. इंजिनिअरला लोक निदान ‘कुठली ब्रँच?’ म्हणून विचारतात. डॉक्टरला तर लग्नाच्या पंगतीत शर्ट वर करून दुखरी बाजू दाखवतात. बी.कॉम. माणसाला नुसतं ‘असं का!’ म्हणतात आणि जिलबी वाढणाऱ्याकडे वळतात.

वास्तविक वाणिज्य हा अस्सल धंद्याचा विषय. नावातच वाणी आहे. पण हा वाणी आम्हाला पाच वर्षं जो शिकवला तो इतिहासातल्या सनावळीसारखा. पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन, चिटणिसाची कार्यपद्धती अशी एकेका विषयाची नावं. ही नावं ऐकूनच पोरगं निम्मं कारकून होतं. सतराव्या वर्षी मी एका काल्पनिक कंपनीच्या काल्पनिक भागधारकाला त्याचे भाग जप्त केल्याचं पत्र इतकं कडक लिहिलं होतं, की सरांनी दहापैकी नऊ मार्क देऊन समासात ‘छान’ लिहिलं. तोवर मी जिवंत भागधारक पाहिला नव्हता. चेकवर दोन तिरप्या रेघा मारण्याचे प्रकार आणि त्यांचे परिणाम मला मुखोद्गत होते. चेक मात्र पहिल्यांदा हातात आला तो बँकेत लागल्यावर, आणि तोही दुसऱ्याचा.

बँकेत पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, सर्टिफिकिटं बाजूला ठेवली आणि दफ्तरीच्या ताब्यात दिलं. दफ्तरी म्हणजे आमच्या शाखेतला सगळ्यांत जुना माणूस. सातवी शिकलेला. त्यानं माझ्यासमोर दिवसभराच्या व्हाउचरांचा गठ्ठा ठेवला, वर एक दाभण आणि दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि म्हणाला, “शिवा.”

पाच वर्षांच्या उच्च शिक्षणानंतर मला मिळालेलं पहिलं काम हे असं शिवणाचं होतं.

“साहेब, दाभण असं सरळ नाही, तिरकं धरायचं. सरळ धरलंत तर व्हाउचरच्या आधी बोटाला भोक पडतं,” तो म्हणाला. मग माझं मन रमावं म्हणून विचारलं, “कॉलेजात काय काय शिकवतात हो?”

मी म्हटलं, “बँक जुळवणी पत्रक.”

“म्हणजे?”

“बँकेची वही आणि व्यापाऱ्याची वही जुळत नाही. ती का जुळत नाही ते शोधून काढायचं.”

“त्यात शोधायचं काय?” दफ्तरी म्हणाला. “पार्टीला फोन करायचा.”

मी ते पत्रक पाच वर्षं शिकलो होतो. फोनचा उल्लेख एकाही क्रमिक पुस्तकात नव्हता.

आता कुणी म्हणेल, की शाळेत तुला हातानं काही करायला शिकवलंच नाही का? शिकवलं की! मी १९९६ साली दहावी झालो. आमच्या वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा एक तास होता. तो बहुधा शुक्रवारी शेवटून दुसरा असे आणि त्या तासाला गणिताचे सर येत. कारण गणिताचा अभ्यासक्रम कधी पुरा होत नाही आणि कार्यानुभवाचा कधी सुरू होत नाही, त्यामुळे दोघांचं जमून जाई. वर्षाअखेर मात्र वस्तू दाखवाव्या लागत. खडू, कागदी पाकिटं, मेणबत्त्या आणि एक पायपुसणं. हे पायपुसणं काथ्याचं असून त्यावर ‘सुस्वागतम्’ असं लाल अक्षरांत विणलेलं होतं. ते शाळेच्या कपाटात कायमचं असे. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी त्याला ‘अ’ श्रेणी मिळाली. माझ्या वेळी ‘अ’ मिळाली. धाकट्या भावाच्या वेळेपर्यंत ‘सुस्वागतम्’मधला ‘सु’ कुरतडला गेला होता, म्हणून ‘ब’ मिळाली. ते कुणी विणलं होतं हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. माझा संशय बाजारपेठेवर आहे.

त्याशिवाय आमच्याकडे ‘टेक्निकल’ होतं. आठवीत गेल्यावर मुलांची वाटणी व्हायची. हुशार मुलांना संस्कृत आणि उरलेल्यांना टेक्निकल. संस्कृत घेणाऱ्यांपैकी कुणाला संस्कृतची ओढ होती अशातला भाग नव्हता. त्यात मार्क पडतात एवढंच. टेक्निकलची पोरं वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंडाचा एक चौकोनी तुकडा महिनोन् महिने घाशीत. आम्ही त्यांच्याकडे, आगगाडीतून खांबांकडे बघावं तसे बघत असू. त्या खांबांपैकी एकाचा आता एमआयडीसीत स्वतःचा कारखाना आहे. तो कधी कॅश क्रेडिटच्या कामाला शाखेत आला की मॅनेजर उठून उभे राहतात. मी आधीच उभा असतो, कारण स्टेटमेंट झेरॉक्सला मीच नेत असतो.

डोक्याचं आणि हाताचं शिक्षण एकत्र करावं ही कल्पना काही आजची नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हे मूळ कर्ज १९३७ सालचं. त्या वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी ‘नई तालीम’ मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. त्यात हस्तोद्योग हा शुक्रवारचा शेवटून दुसरा तास नव्हता. तो मध्यभागी होता आणि बाकीचे विषय त्याच्या भोवती. पोरानं टकळीवर सूत कातायचं आणि कापूस किती लागला, वेळ किती गेला, भाव काय आला, यातून गणित शिकायचं. झालेल्या मालातून मास्तरांचा पगार निघावा अशीही अपेक्षा होती. ही अपेक्षा ऐकून मास्तर लोकांना काय वाटलं असेल याची मी पगारदार या नात्यानं कल्पना करू शकतो.

मग १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग. ‘कार्यानुभव’ हा शब्द आमच्या शाळेपर्यंत आला तो या आयोगामुळे. त्याचे सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा हात होता, असा हा माणूस. त्यांना जो कार्यानुभव अभिप्रेत होता त्यात ‘सुस्वागतम्’चं पायपुसणं नक्की नसणार. पुढे १०+२+३ आलं. महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ ला झाली. त्या ‘अधिक दोन’चा अर्थ असा होता, की दहावीनंतर बऱ्याच मुलांनी इथूनच धंदेशिक्षणाकडे वळावं. प्रत्यक्षात ती दोन वर्षं कॉलेजच्या जिन्याची पहिली पायरी झाली. पायरीवर कुणी बिऱ्हाड करीत नाही.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणानं ठरवलं, की उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांना १९९० पर्यंत आणि २५ टक्के मुलांना १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमात आणायचं. १९९२ साली बघितलं तर ते जमलेलं नव्हतं. मग आकडे तेच ठेवले आणि तारखा पुढे नेल्या. १० टक्के १९९५ पर्यंत, २५ टक्के २००० पर्यंत. आणि २०२० च्या नव्या धोरणानं सांगितलं, की २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी.

हे वाचताना मला घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे हप्ता थकला की पार्टीला बोलावून मुदत वाढवून देतात. वाढीव मुदतीतही थकला तर मोठ्या रकमेचं नवं कर्ज मंजूर करतात आणि त्यातून जुनं फेडल्याचं दाखवतात. याला बँकिंगमध्ये ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात. म्हणजे सदाहरित. रिझर्व्ह बँकेला हे मुळीच खपत नाही आणि आमच्या बँकेत असलं काही होत नाही, असं मला लिहायला सांगितलेलं आहे.

त्या २०२० च्या धोरणात एक आकडा आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार, भारतात १९ ते २४ वयाच्या काम करणाऱ्यांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहून कमी. अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६. हा आकडा मी आमच्या सौभाग्यवतीला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, “मग आपल्याकडचा नळ दुरुस्त करायला येणारा कुठल्या टक्क्यात?” तो कुठल्याच टक्क्यात नाही. तो चुलत्याच्या हाताखाली शिकला. त्याला सगळं येतं, फक्त रीतसर येत नाही.

ही माणसं रोज माझ्या काउंटरवर येतात म्हणून सांगतो. एक वेल्डर आहे. दारावरची ग्रिल नुसती डोळ्यांनी बघून ‘बेचाळीस किलो भरेल’ म्हणतो आणि काट्यावर ती साडेएक्केचाळीस भरते. त्याला मुद्रा योजनेतलं कर्ज हवं होतं. २०१५ ला निघालेल्या या योजनेतल्या ‘शिशु’ गटाच्या पन्नास हजारांत त्याचं भागेना, म्हणून ‘किशोर’ गटात अर्ज केला. साहेबांनी प्रकल्प अहवाल मागितला. हा गडी तापलेलं लोखंड बिनदिक्कत धरतो, पण ‘प्रकल्प अहवाल’ हा शब्द ऐकून त्याला घाम फुटला. शेवटी बाहेरून एकाकडून अहवाल करून आणला. त्यात तिसऱ्या वर्षीची अपेक्षित विक्री, ढोबळ नफा, निव्वळ नफा, सगळं छापील. त्यानं तो माझ्यासमोर उलटसुलट केला आणि म्हणाला, “साहेब, हे दुकान माझंच आहे ना? बरं चाललंय की!”

आणि दुसरीकडे आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत. क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. विद्युत्‌प्रवाहावरच्या त्यांच्या नोट्स गावात प्रसिद्ध आहेत. त्यांच्या घरी फ्यूज उडाला की ते मेणबत्ती लावतात आणि वायरमनची वाट बघत बसतात. त्यांना मी हसत नाही. तेरीज मला अजूनही हातानं मांडता येते. पण घरचा महिन्याचा हिशेब बायको ठेवते आणि तिचा जुळतो.

सरकार काहीच करत नाही असं नव्हे. एमसीव्हीसी आलं. मराठीत ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं तो माणूस प्रामाणिक असला पाहिजे, पण त्याच्या घरात लग्नाची मुलगी नसावी. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘किमान कौशल्य’ असं उत्तर कुठला बाप देईल? कमाल अज्ञान चालतं. त्याला आर्ट्स, सायन्स, कॉमर्स अशी सुटसुटीत नावं आहेत. पुढे त्याचं ‘एचएससी व्होकेशनल’ झालं, तेव्हा जरा सुटका झाली.

आता सहावी ते आठवीला ‘दप्तराविना दहा दिवस’ आले आहेत. मुलांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन शिकायचं. कल्पना मला फार आवडली. माझ्या मेहुण्याच्या मुलाच्या शाळेत कुंभारालाच चाकासकट बोलावलं होतं. वर्गात चाळीस मुलं, चाक एक. प्रत्येकाला मिनिटभर. मिनिटातलं पाऊण मिनिट फोटोत गेलं. दिवसाअखेर चाळीस जणांत मिळून एक सुगड झालं आणि तेही कुंभारानं पोरं जेवायला गेली असताना पुरं केलं. फोटो मात्र चाळीस आले. मेहुण्यानं तो फ्रेम करून लावला आहे. खाली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “याला आयआयटीला पाठवायचंय.”

आणि खरी गोम इथेच आहे. हाताचं शिक्षण चांगलं, यावर आपल्या देशात एकमत आहे. ते दुसऱ्याच्या मुलानं घ्यावं, यावरही एकमत आहे.

हे एकमत आमच्या घरात कसोटीला लागलं ते आमच्या कन्येमुळे. ती नववीत गेली. तिच्या शाळेत तिसऱ्या भाषेच्या जागी एक व्यवसाय विषय घेता येतो. रिटेल आणि ऑटोमोबाईल अशा दोन वाटा. तिनं फॉर्म आणला, त्यावर ऑटोमोबाईलसमोर टिचकीएवढी खूण केलेली होती आणि खाली पालकांच्या सहीची जागा मोकळी.

सौभाग्यवतीनं पहिला प्रश्न विचारला, “यानं दहावीचे टक्के कमी होतील का?”

“उलट वाढतात,” कन्या म्हणाली. “प्रॅक्टिकलचे मार्क असतात.”

“मग घे.”

गांधीजींपासून कोठारी आयोगापर्यंत कुणालाही हा मुद्दा सुचला नव्हता.

खरा विरोध निघाला तो आमच्या आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून टिपणी लिहिल्यासारखं बोलतात. त्यांनी फॉर्म चष्म्याजवळ धरून दोनदा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“माझे वडील शिंपीकाम करीत,” ते म्हणाले. “मी अकरावीला होतो तेव्हा त्यांनी मशीन विकलं. पायमशीन. तालुक्याला राहून शिकायचं तर खाणावळीला पैसे हवे होते. नंतर ते दुसऱ्याच्या दुकानात मजुरीवर बसले. का? तर मुलाच्या हाताला शाई लागावी, तेल लागू नये म्हणून. आता चौथ्या पिढीनं पुन्हा हातात पाना घ्यायचा?”

यावर घरात कुणी काही बोललं नाही. कुकरनं तेवढी शिट्टी दिली.

आप्पांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं आणि नाही. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली होती. मुलांनी अर्धा वेळ शाळेत यायचं आणि उरलेल्या वेळात घरी आईबापाचा धंदा शिकायचा. ऐकायला किती छान! पण चांभाराच्या पोरानं जोडे आणि न्हाव्याच्या पोरानं वस्तरा, असा तिचा सरळ अर्थ लोकांनी लावला. पेरियार आणि इतरांनी रान उठवलं, १९५४ ला राजाजी गेले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी ती योजना गुंडाळली. वकिलाच्या पोरानं अर्धा दिवस वकिली शिकावी असं कुणी म्हटलं असतं, तर कुणाची हरकत नव्हती. ज्यांच्या हाताचा काम करून करून घट्टा झालाय त्यांच्याच पोरांना ‘श्रमाची प्रतिष्ठा’ शिकवायला निघालं, की ती पोरं संशयानं बघणारच. आमच्या शाळेत टेक्निकल कुणाला मिळायचं ते वर आलंच आहे. मागच्या बाकांसाठी काढलेला विषय हा विषय नसून चाळणी असते.

म्हणून मला पाबळचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं हे गाव. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ च्या सुमारास तिथे गेले आणि विज्ञान आश्रम काढला. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा केला आणि तो शालान्त परीक्षेत आणला. त्यात एकच एक धंदा नाही. वेल्डिंग आहे, सुतारकाम आहे, वायरिंग आहे, शेती-जनावरं आहेत, स्वयंपाक आणि आरोग्यही आहे. वर्गातल्या सगळ्यांनी सगळं करायचं. मुलगी म्हणून वेल्डिंगमधून सुटका नाही आणि मुलगा म्हणून स्वयंपाकातून नाही. शिकवायला गावातलेच कारागीर आणि केलेलं काम गावाच्या उपयोगी. त्यातून प्रत्येक पोरगं वेल्डर होत नाही, व्हावं अशी अपेक्षाही नाही. पण बाक मोडलं तर अर्ज करण्याआधी ते हातोडी शोधतं.

हे सगळं मी आप्पांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेरा मारला, “ठीक. वाचले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्या त्यांच्याजवळ चहा घेऊन बसली होती. तिनं सहज विचारलं, “आजोबा, मशीन बिघडलं तर पणजोबा कुणाकडे न्यायचे?”

“कुणाकडे म्हणजे? ते स्वतः उघडायचे.”

“कसं?”

आणि मग आमच्या आप्पांनी, ज्यांनी नोकरीत एक पेन्सिल शिपायाशिवाय टोकली नसेल, त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि हवेत दोन्ही हातांनी एक मशीन उघडायला सुरुवात केली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कसं सगळं सुटं करून घासलेटमध्ये बुडवून ठेवायचे, शटल कुठल्या बाजूनं काढायचं, बॉबिनचा पेच किती ढिला ठेवायचा, पट्टा तुटला तर टाचण कशी मारायची. बोटं थांबत नव्हती. साठ वर्षांपूर्वी विकलेलं मशीन त्यांनी आमच्या दिवाणखान्यात खोललं, पुसलं, तेल घातलं आणि पुन्हा जोडलं. एकही स्क्रू उरला नाही. मी ते दारात उभं राहून बघत होतो आणि माझी बस चुकली.

“तुम्हाला हे कुणी शिकवलं?” कन्येनं विचारलं.

“शिकवतं कोण? मी वात धरून बसायचो,” आप्पा म्हणाले. मग बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. फॉर्म पुढे ओढून म्हणाले, “घे ऑटोमोबाईल. पण हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.”

अशा रीतीनं विषय सुरू झाला. पहिले दीड महिने कन्येनं काय केलं असेल? तिनं दोनशे पानी वही भरवली. ‘पाना म्हणजे काय? पान्याचे प्रकार सांगून कोणत्याही दोहोंची सुबक आकृती काढा.’ ‘स्क्रू ड्रायव्हरचे उपयोग लिहा.’ ‘फरक स्पष्ट करा : टू स्ट्रोक इंजिन आणि फोर स्ट्रोक इंजिन.’ मी ती वही चाळली आणि मला माझ्या काल्पनिक भागधारकाची आठवण आली. आपल्या शाळेत काहीही नेऊन द्या. गाय नेली तरी दुसऱ्या दिवशी तिचा निबंध झालेला असतो. साहित्याची पेटी आली होती, पण तिची नोंद रजिस्टरात व्हायची होती म्हणून कुलूप होतं. सौभाग्यवती मात्र खूष होती. “विषय सोपा आहे,” ती म्हणाली. “पाठांतराचाच आहे.”

मग शाळेनं ‘अतिथी व्याख्याता’ म्हणून नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला बोलावलं. कायम शिकवायला त्याला घेता येत नाही, कारण त्याच्याकडे कागद नाही. पाहुणा म्हणून चालतो. त्यानं पहिल्याच दिवशी आपली मोडकी स्कूटर ढकलत शाळेच्या आवारात आणली आणि पोरांना म्हणाला, “व्याख्यान मला येत नाही. हिला चालू करा.” त्या दिवशी कन्या घरी आली ती कोपरापर्यंत काळी होऊन. तीनदा हात धुतले तरी आप्पांनी नखं तपासली.

मानधन थेट खात्यात जमा होणार असल्यामुळे मिस्त्री गेल्या आठवड्यात माझ्या काउंटरवर आला. त्याचं खातं केवायसीअभावी बंद पडलेलं. मी फॉर्म दिला. नाव, पत्ता इथवर त्यानं मुकाट्यानं भरलं. ‘व्यवसाय’ या रकान्याशी पेन थांबलं. खाली चौकटी होत्या : नोकरी, शेती, स्वयंरोजगार, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त, इतर.

“दरवेळी काय लिहिता?” मी विचारलं.

“दरवेळी तुमचे लोकच खूण करतात. पण आता शाळेच्या पत्रावर बघा काय लिहिलंय. अतिथी... काय ते.”

“व्याख्याता.”

“तेच. ते कशात येतं?”

मी चौकटी वरून खाली आणि खालून वर वाचल्या. ते कशातच येत नव्हतं. शेवटी ‘इतर’वर खूण केली. खालच्या ‘शिक्षण’ या रकान्यात मिस्त्रीनं नेहमीच्या सवयीनं एक आडवी रेघ ओढली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

“साहेब, तुमची पोरगी पाना बरोबर धरते,” जाता जाता तो म्हणाला. “बाकीची पोरं पेनासारखा धरतात.”

मी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.